चित्रावर उभं राहून दिलेली साक्ष

१९९७ च्या मे महिन्यात, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट सँडी वाळवंटाच्या कडेला पिर्निनी नावाच्या जागी जमिनीवर एक प्रचंड कापड अंथरलं गेलं. दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद. दोन खोल्यांचं घर त्यावर आरामात मावलं असतं. त्याच्याभोवती, आणि मग त्याच्यावरच, चाळीसेक माणसं रंग-ब्रश घेऊन बसली. बरीचशी म्हातारी होती. वाळवंटात वाढलेली, मग तिथून बाहेर पडून उत्तरेकडच्या गुरांच्या मळ्यांवर आयुष्य काढलेली. प्रत्येकाने आपापला मुलूख रंगवायला घेतला. ज्याचा पाणवठा, त्याचाच ब्रश.

या कापडामागे एक दावा होता. वाल्माजरी, वांकाजुंगा, मांगला, जुवालिनी अशा भाषा बोलणाऱ्या या लोकांचं म्हणणं होतं की हे वाळवंट आमचं आहे. पण दावा ऐकणारं न्यायाधिकरण इंग्रजीत चालायचं, आणि त्याला नकाशे, नोंदी, कागद समजायचे. यांच्याकडे कागद नव्हता. दुभाष्यामार्फत सांगायला जावं, तर निम्मी गोष्ट वाटेतच सांडून जायची. मग ठरलं, चित्र काढायचं. न्यायाधिकरणाची माणसं आली तेव्हा एकेक दावेदार उठला, कापडावरून चालत आपल्या पाणवठ्यापाशी गेला, तिथे उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलला. हे पाणी कोणाचं, त्याची कथा काय, ती सांगायचा अधिकार मला कुणाकडून आला.

जगातल्या खटल्यांच्या इतिहासात याहून विलक्षण साक्ष झाली असेल असं मला वाटत नाही. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो हे आपल्याला ठाऊक आहे. इथे तो आपल्या जमिनीवर उभा होता आणि ती जमीन त्यानेच, आठवणीतून, कापडावर उतरवलेली होती.

या चित्राला ‘ङुरारा’ म्हणतात. अर्थ साधा आहे: आपलं घर, आपला मुलूख. लिहिताना मी मुद्दाम ‘ङ’ वापरतोय. आपण मुळाक्षरं शिकताना क ख ग घ ङ असं घोकतो, आणि मग ‘वाङ्मय’ सोडलं तर त्या बिचाऱ्या अक्षराची आयुष्यात गाठ पडत नाही. शब्दाच्या सुरुवातीला तर ते आपल्याकडे येतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी मूळ भाषांत शब्द ‘ङ’ ने सुरू होतात. १७८८ साली इंग्रज तिथे वस्तीला उतरले तेव्हा त्या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा होत्या. इंग्रजी लिपीला हा उच्चार नीट पेलत नाही. देवनागरीकडे त्याच्यासाठी अक्षर तयार होतं.

चित्रात रेघा आहेत, वर्तुळं आहेत, ठिपक्यांच्या रांगा आहेत. वर्तुळं म्हणजे बहुतेक पाणवठे. त्यांतला सर्वांत मोलाचा प्रकार म्हणजे ‘जीला’, जिवंत पाणी, कधी न आटणारं. प्रत्येक जीलात ‘कालपुर्तु’ हा सर्प राहतो. तो पाण्याचा राखणदार आणि पावसाचा धनी. परक्या माणसाला तिथे नेलं तर आधी त्याची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर सर्प कोपतो. डोहातल्या साती आसरांना नारळ दिल्याशिवाय पाण्यात न उतरणाऱ्या आपल्या गावांना हे समजावून सांगावं लागू नये. वाळवंटात पाण्याची जागा ठाऊक असणं म्हणजे जगणं, आणि ती जागा ज्या गोष्टीत, ज्या गाण्यात साठवलेली आहे ते गाणं येणं म्हणजेच तिचा हक्कदार असणं. कुठल्या पाण्यापासून कुठल्या पाण्यापर्यंत कसं जायचं, वाटेत कोणती टेकडी, कोणतं झाड, हे सगळं गाण्याच्या क्रमात. गाणं विसरला तर वाट चुकला, आणि वाट चुकला तर संपला. एवढ्या कडक परीक्षेतून पिढ्यान् पिढ्या पार पडलेला हा दस्तऐवज आहे.

या पाण्याचं मोल गोऱ्यांनाही कळलं होतं. १९०६ ते १९१० या काळात आल्फ्रेड कॅनिंगने गुरं हाकत नेण्यासाठी याच वाळवंटातून वाट आखली आणि तिच्यावर पन्नासच्या आसपास विहिरी खोदल्या. पाणी सापडावं म्हणून त्याच्या माणसांनी तिथल्या लोकांना पकडून साखळ्या घातल्या आणि वाट दाखवायला लावलं. यावर १९०८ साली चौकशी आयोगही बसला. विचार करा, पाणी कुठे आहे हे ज्यांना माहीत आहे म्हणून साखळीने बांधून नेलं, त्याच लोकांच्या नातवंडांना पुढे विचारलं गेलं, ही जागा तुमची कशावरून?

कशावरून हा प्रश्न आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. आपल्याकडे जमीन म्हटली की सातबारा. बांधावरून भावाभावांत डोकी फुटतात, फेरफाराच्या नोंदीसाठी हेलपाटे मारावे लागतात, आणि शेवटी नाव कागदावर लागलं की माणूस निश्चिंत होतो. त्यामुळे कागद नाही म्हणजे हक्क नाही, असं आपल्याही मनात नकळत बसलेलं असतं. ऑस्ट्रेलियाची गोष्ट वाचताना माझी ही समजूत हळूहळू सैल होत गेली.

इंग्रजांनी तिथे काय केलं ते आपल्याकडच्या कारभाराशी ताडून पाहण्यासारखं आहे. १८१८ ला पेशवाई बुडाल्यावर दख्खनमध्ये त्यांच्यासमोर सनदा होत्या, वतनं होती, इनामं होती. पुढे १८५२ मध्ये इनाम कमिशन बसवून त्यांनी हजारो सनदा तपासल्या आणि कित्येकांची इनामं खालसा केली. अन्याय झाला, पण निदान समोर कुणीतरी हक्कदार आहे असं मानून झाला. ऑस्ट्रेलियात तेवढंही मानलं गेलं नाही. तिथे माणसं किमान पन्नास हजार वर्षं राहत होती. उत्तरेकडच्या एका उत्खननातून तर ६५ हजार वर्षांचा आकडा पुढे आला आहे. तरी कायद्याने तो खंड कुणाच्याच मालकीचा नसलेली, रिकामी भूमी ठरला. तह नाही, खरेदी नाही. जिंकल्याचीही नोंद नाही.

एकाने खरेदीचा प्रयत्न केला होता. १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाचा माणूस आजच्या मेलबर्नच्या परिसरात उतरला आणि तिथल्या कुलिन लोकांच्या वडीलधाऱ्यांशी त्याने करार केला. घोंगड्या, सुऱ्या, आरसे, कात्र्या, पीठ अशा वस्तूंच्या बदल्यात सुमारे सहा लाख एकर. करार उघड उघड लुबाडणुकीचा होता, पण त्यात एक कबुली दडलेली होती की ही जमीन यांची आहे. गव्हर्नर बर्क यांना नेमकी तीच खुपली. त्याच वर्षी त्यांनी जाहीरनामा काढून करार रद्द केला. मूळ रहिवाशांकडून कुणी जमीन घेतलीच तर तो सरकारी जमिनीवरचा घुसखोर समजला जाईल. जे विकायला त्यांच्याकडे काहीच नाही, ते त्यांच्याकडून विकत कसं घेता येईल?

या बॅटमनच्या करारातली एक बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये जमीन हस्तांतर करण्याची एक फार जुनी रीत होती. विकणारा त्या जमिनीतली मूठभर माती उचलून घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. कागदाआधीचा कागद. बॅटमनचा करार याच रीतीने झाला, माती हातात घेऊन. ही माती पुढे पुन्हा येणार आहे.

आता नकाशावर अगदी उत्तरेला जाऊ. आर्नहेम लँडच्या टोकाला गोव्ह द्वीपकल्प आहे आणि तिथे यिरकला नावाचं गाव. इथले लोक ‘योल्ङू’. पुन्हा आपला ‘ङ’. १९६३ मध्ये त्यांना कळलं की बॉक्साइटच्या खाणीसाठी त्यांच्या राखीव प्रदेशातून तीनशेहून अधिक चौरस किलोमीटरचा तुकडा सरकारने काढून घेतला आहे. बॉक्साइट म्हणजे ज्यातून ॲल्युमिनियम निघतं तो दगड. कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं.

त्यांनी संसदेला अर्ज करायचं ठरवलं. अर्ज संसदेच्या रिवाजाप्रमाणे टंकलिखित होता, आपल्या भाषेत आणि इंग्रजीत. पण नुसता कागद पाठवून ते थांबले नाहीत. त्यांनी झाडाची साल सोलून सपाट केली, कागद मधोमध चिकटवला आणि भोवतीची चौकट नैसर्गिक रंगांनी रंगवली. मासे, कासवं, साप, घोरपडी. योल्ङू समाज दोन अर्धांत विभागलेला आहे, धुवा आणि यिरित्जा. माणूस असो, प्राणी असो की जमीन, सगळं या दोहोंपैकी एकात बसतं, आणि लग्न होतं ते दुसऱ्या अर्धात. अर्जाच्या सालींवर दोन्ही अर्धांची चित्रं आली. कॅनबेरातल्या खासदारांना ती नक्षी वाटली असेल. योल्ङूंच्या लेखी ती चित्रंच दस्त होते आणि मधला टंकलिखित मजकूर हा त्या दस्ताचा पाहुण्यांसाठी केलेला तर्जुमा.

मजकूर साधा आहे. या जमिनीवर आम्ही शिकार करतो, अन्न गोळा करतो. आमची पवित्र ठिकाणं इथे आहेत. आमच्याशी बोलल्याशिवाय हे ठरलं. आणि एक वाक्य अंगावर येणारं: डार्विन शहराच्या परिसरातल्या लाराकिया लोकांचं जे झालं तेच आमचं होईल अशी आम्हाला भीती वाटते. पहिल्या अर्जावर सह्या थोड्याच आहेत अशी सरकारी बाजूने कुरकुर झाली, तेव्हा अंगठे उठवून आणखी एक अर्ज गेला. संसदेने समिती नेमली. समिती यिरकलाला येऊन गेली आणि भरपाईची शिफारसही तिने केली. खाण मात्र थांबली नाही.

मग ते कोर्टात गेले. १९७१ चा हा निकाल मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्याने मला अस्वस्थ केलं आहे, कारण न्यायमूर्ती ब्लॅकबर्न हे काही उर्मट गृहस्थ नव्हते. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. योल्ङूंनी आपल्या पवित्र वस्तू, ‘रंगा’, ज्या बायकांनी आणि दीक्षा न घेतलेल्या पुरुषांनी पाहायच्याही नसतात, त्या कोर्टाला दाखवल्या. आपल्याकडे देवघरातला टाक कचेरीत नेऊन टेबलावर ठेवण्यासारखं ते होतं, किंबहुना त्याहून जड. न्यायमूर्तींनी मान्य केलं की या लोकांकडे सूक्ष्म, गुंतागुंतीची, कुणाच्या लहरीवर न चालणारी अशी कायद्याची पद्धत आहे. आणि तरीही निकाल विरुद्ध गेला.

कारण त्यांनी मालकीची इंग्रजी व्याख्या पुढे ठेवली. जमीन वापरण्याचा हक्क, दुसऱ्याला मज्जाव करण्याचा हक्क आणि विकण्याचा हक्क. योल्ङू शेजारच्या कुळाला आपल्या जमिनीवर शिकारीला येऊ देत. आणि विकणं? तो विचारच त्यांच्या डोक्यात मावत नव्हता. पुराव्यावरून असं दिसतं की जमीन कुळाची आहे असं म्हणण्यापेक्षा कूळ जमिनीचं आहे असं म्हणणं जास्त बरोबर होईल, असं न्यायमूर्तींनीच नोंदवलं. या निरीक्षणापाशी मी थांबतो. इतकं खोल पाहिलेला माणूस त्यातून निष्कर्ष मात्र असा काढतो की म्हणून ही मालमत्ता नव्हे. आई विकता येत नाही, म्हणून आई आपली नव्हे, असा काहीसा तो हिशोब.

त्या खटल्यात वडीलधाऱ्यांचं बोलणं इंग्रजीत आणून सांगणारा एक तरुण होता, गालार्वुय युनुपिङु. त्याचे वडील गुमाच कुळाचे प्रमुख. सालीवरच्या अर्जाच्या वेळी हा मुलगा पंधरा वर्षांचा होता आणि त्या कामात वडिलांच्या हाताशी होता. हे नावही लक्षात असू द्या.

त्याच सुमारास, तिथून आठनऊशे किलोमीटर नैऋत्येला, दुसरी गोष्ट घडत होती. वेव्ह हिल हा ब्रिटिश व्हेस्टी घराण्याचा गुरांचा मळा. तिथे गुरिंजी लोक गुराखी म्हणून राबत. मजुरी नावापुरती, बरेचदा पीठ-साखर-चहाच्या रूपात. ऑगस्ट १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागून सुमारे दोनशे माणसं बायकापोरांसह मळा सोडून चालती झाली. सगळ्यांना वाटलं, पगारवाढीचा संप आहे. काही महिन्यांनी ते दागुरागू या आपल्या पवित्र जागेजवळ जाऊन बसले तेव्हा खरी मागणी कळली. त्यांना जमीन हवी होती. नऊ वर्षं ते तिथून हलले नाहीत.

१६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम तिथे आले. जमिनीचा पट्टा लिंगियारींच्या हातात दिला, आणि मग खाली वाकून मूठभर माती उचलली आणि त्यांच्या हातात सोडली. ही कल्पना होती व्हिटलम यांचे सल्लागार एच. सी. कूम्ब्स यांची, आणि ती त्यांना सुचली ती १८३५ च्या बॅटमनच्या करारावरून. त्या वेळी कुलिन वडीलधाऱ्यांनी गोऱ्या माणसाच्या हातात माती दिली होती. १४० वर्षांनी गोऱ्या पंतप्रधानाने ती परत केली. मर्विन बिशप या आदिवासी छायाचित्रकाराने टिपलेला तो क्षण आज जगप्रसिद्ध आहे. खरं तर मूळ कार्यक्रम एका मांडवाच्या सावलीत झाला. बिशप यांनी दोघांना बाहेर उन्हात येऊन तेच पुन्हा करायची विनंती केली. म्हणून त्या फोटोत मागे एवढं निळं आकाश आहे. लिंगियारींचे डोळे तोवर अधू झाले होते. फोटोत त्यांनी नुसता हात पुढे केलेला आहे.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, नॉर्दर्न टेरिटरीसाठी जमीन हक्काचा कायदा झाला. त्याचा पाया घालणारे वुडवर्ड म्हणजे १९७१ मध्ये योल्ङूंची बाजू मांडून हरलेले वकील. आज त्या प्रांताची जवळजवळ निम्मी जमीन मूळ रहिवाशांच्या नावे आहे. पण रिकाम्या भूमीचं ते तत्त्व देशाच्या कायद्यात तसंच बसून होतं. ते हललं एका माळ्यामुळे.

एडी कोइकी माबो टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात बागकाम करत. मूळचे टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचे. इतिहासकार हेन्री रेनॉल्ड्स आणि नोएल लूस यांच्याशी जेवणाच्या सुट्टीत गप्पा चालल्या असताना माबो आपल्या बेटावरच्या जमिनीबद्दल बोलू लागले, आणि त्या दोघांना सांगावं लागलं की कायद्याने ती जमीन सरकारची आहे. माबोंचा विश्वास बसेना. माझ्या बापजाद्यांची बाग सरकारची कशी?

मेर हे ज्वालामुखीतून बनलेलं तीनेक किलोमीटरचं बेट. काळी सुपीक माती. यामच्या, केळींच्या, नारळाच्या बागा. प्रत्येक बागेची हद्द ठरलेली: इथे हा दगड, तिथे ती झाडांची रांग, पलीकडे ओहोळ. कोकणातल्या माणसाला हे चित्र डोळ्यांसमोर आणायला क्षणही लागणार नाही. त्यांचा देव मालो, आणि तो अष्टपाद, आठ हातांचा समुद्रजीव. बेटावर कुळंही आठ. मालोचा नियम सांगतो की आपले हात आपल्यापाशी ठेवावेत, दुसऱ्याच्या बागेत हात घालू नये, पाय टाकू नये. गंमत अशी की इंग्रजी कायद्याला जी मालकी दिसायला हवी होती, कुंपणाची, मज्जावाची, वारशाची, ती या चिमुकल्या बेटावर शब्दशः नांदत होती. १९७१ च्या व्याख्येला मेरने तिच्याच भाषेत उत्तर दिलं.

१९८२ मध्ये माबो आणि आणखी चौघांनी दावा लावला. क्वीन्सलँड सरकारने मध्येच १९८५ साली एक कायदा करून असे सगळे हक्क मागच्या तारखेपासून रद्द करायचा प्रयत्न केला. तो १९८८ मध्ये हाय कोर्टात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, टिकला नाही. मग वस्तुस्थिती तपासायला न्यायमूर्ती मॉयनिहन मेरवर आले आणि बांधाबांधाने फिरले. आणि इथे माबोंच्या वाट्याला जे आलं ते फार कडू आहे. त्यांना मामाने दत्तक घेतलं होतं आणि बाग त्या नात्याने आली होती. न्यायमूर्तींना हा वारसा पटला नाही. दत्तकाला वारस मानायचं की नाही, यावर इंग्रजी सत्तेने काय काय केलं ते सातारची गादी विसरलेली नाही. बाकीच्यांचे दावे पुढे गेले. ज्याच्या नावाने खटला ओळखला जातो, त्याचा स्वतःचा दावा मागे पडला.

जानेवारी १९९२ मध्ये माबो कर्करोगाने गेले. ३ जून १९९२ ला निकाल लागला, सहा विरुद्ध एक. ऑस्ट्रेलिया रिकामी नव्हती. मेरिअम लोकांचा आपल्या बेटावरचा हक्क इंग्रज येण्याआधीपासून होता आणि त्यांच्या येण्याने तो आपोआप संपला नाही. दोनशे चार वर्षांनी. तीन वर्षांनी टाउन्सव्हिलला माबोंच्या थडग्यावरचा दगड विधिपूर्वक उघडला गेला आणि त्याच रात्री कुणीतरी त्याची विटंबना केली. कुटुंबाने त्यांचा देह मेरला नेला. आता ते ज्या मातीत आहेत ती कुणाची, यावर वाद नाही.

या निकालाने देश ढवळून निघाला. लोकांच्या परसबागा जातील अशी भीती घातली गेली. ती खोटी होती, कारण जिथे एकदा खाजगी मालकी दिली गेली तिथे मूळ हक्क संपला असंच कोर्टाने म्हटलं होतं. पण सगळेच आक्षेप खोटे नव्हते आणि ते झटकून टाकणं बरं नाही. चार पिढ्या मळा कसणाऱ्या कुटुंबाला उद्याची शाश्वती हवी असते. १९९६ मध्ये विक लोकांच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की गुरचराईचा पट्टा आणि मूळ हक्क एकत्र नांदू शकतात, मात्र दोहोंत टक्कर झाली तर पट्टेदाराचं चालेल. काहींना वाटतं, जन्मावरून वेगळा हक्क देणं हे नागरिकांच्या समानतेत बसत नाही. मला हा युक्तिवाद पटत नाही. वारसाने जमीन मिळणं हा विशेषाधिकार असेल तर आपल्यापैकी प्रत्येक खातेदार तो भोगतो आहे. प्रश्न एवढाच आहे की एका गटाचा वारसा दोनशे वर्षं नोंदवलाच का गेला नाही.

खरा घोटाळा दुसरीकडे आहे, पुराव्याच्या अटीत. माबो निकालानंतर झालेल्या १९९३ च्या मूळ हक्काच्या कायद्याप्रमाणे दावेदारांनी दाखवायचं की इंग्रज आले तेव्हापासून आजवर आमच्या चालीरीती अखंड चालू आहेत. आता ज्यांना हाकलून, मुलं काढून घेऊन, भाषा बंद करून सर्वांत जास्त पिडलं, त्यांना अखंडता दाखवणं सर्वांत अवघड. मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा लोकांचं हेच झालं. १९९८ मध्ये न्यायमूर्ती ओल्नी यांनी त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी साक्षीपेक्षा एडवर्ड कर या एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या मेंढपाळ-मालकाच्या आठवणींना जास्त वजन दिलं. आणि १८८१ साली मालोगा मिशनमधल्या ४२ जणांनी गव्हर्नरकडे शेतीसाठी जमीन मागणारा जो अर्ज केला होता, तोच त्यांच्याविरुद्ध वापरला: तुम्ही शेती करू इच्छित होता, म्हणजे परंपरा सोडलीच होती. २००२ मध्ये हाय कोर्टानेही दावा फेटाळला. भुकेल्या माणसाचा अर्ज सुमारे एकशेवीस वर्षांनी त्याच्या पणतवंडांना आडवा यावा, याचं दुःख शब्दांत मावत नाही.

हक्क मिळाला तरी तो पुरेसा असतोच असं नाही. आज देशाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक भूभागावर मूळ हक्क कुठल्या ना कुठल्या रूपात मान्य झालेला आहे, पण नकार देण्याचा अधिकार त्यात नाही. मे २०२० मध्ये पिल्बारा भागातली जुकान दरी रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी सुरुंगाने उडवली. तिथल्या शैलाश्रयात माणसाच्या वावराच्या ४६ हजार वर्षांच्या खुणा होत्या. माणसांच्या केसांचा विणलेला चार हजार वर्षांपूर्वीचा पट्टा तिथे सापडला होता आणि त्याचं जनुकीय नातं आजच्या पुटु कुंटी कुर्रामा लोकांशी जुळलं होतं. याहून स्पष्ट वारसनोंद कुठला तलाठी देणार? सुरुंग कायदेशीर परवानगीने लागले होते.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला आणि एका बाबतीत आपला कायदा मला मोठ्या मनाचा वाटतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या जाणत्या माणसांचं लिहून घेतलेलं म्हणणं पुरावा म्हणून चालतं. जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान, पवित्र झाडं हाही पुरावा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अंमलबजावणीची रडगाणी आपण सगळे जाणतो. तरी झाड आणि विहीर साक्ष देऊ शकतात हे कायद्याच्या भाषेत छापलेलं आहे.

ङुरारा लोकांचा निकाल लागायला २००७ उजाडलं. चित्र रंगवून दहा वर्षं झाली होती. सुमारे ७७ हजार चौरस किलोमीटर वाळवंट, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव भागाएवढा मुलूख. कापडावर उभे राहून बोललेल्यांपैकी काही जण तोवर गेले होते.

आणि गोव्ह? सालीवरच्या अर्जाचा तो मुलगा, १९७१ च्या खटल्याचा तो दुभाषा, गालार्वुय युनुपिङु, पुढे सगळ्या देशाने मानलेला नेता झाला. २०१९ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने आपल्या गुमाच कुळाच्या वतीने पुन्हा दावा लावला, त्याच बॉक्साइटच्या जमिनीबद्दल. म्हणणं असं की आमचा मूळ हक्क ही मालमत्ता आहे, आणि देशाची राज्यघटना सांगते की सरकारने मालमत्ता घेतली तर न्याय्य भरपाई द्यावी. एप्रिल २०२३ मध्ये ते वारले. पुढच्याच महिन्यात फेडरल कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला. सरकारने अपील केलं. १२ मार्च २०२५ रोजी हाय कोर्टाने ते फेटाळलं: होय, ही मालमत्ताच आहे.

रंगवलेल्या साली कॅनबेराच्या संसदभवनात काचेआड जपून ठेवल्या आहेत. चौकटीतले मासे, कासवं आणि घोरपडी जिथल्या, ती जमीन मधल्या साठ वर्षांत बरीचशी खणून जहाजांनी बाहेर गेली आहे. भरपाईचा आकडा ठरायचा होता.